सकाळच्या आकड्यामागची रात्र

मधुमेह असलेल्या घरात दिवसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आज फास्टिंग किती आली?" रात्री एक भाकरी, वाटीभर भाजी, भाताला हात लावलेला नाही, गोडाचे तर नावच नको. झोपताना मोजली तेव्हा साखर १३२ होती. आणि सकाळी सहाला, पोटात पाण्याखेरीज काही गेलेले नसताना, ग्लुकोमीटर १६८ दाखवतो. मग चौकशी सुरू होते. रात्री उठून काही खाल्लेस का? गोळी विसरलीस का? मशीन बिघडले का? न खाता साखर वाढते हे कुणाच्या पचनी पडत नाही, त्यामुळे पहिला संशय रुग्णावर जातो. बहुतेक वेळा हा संशय अन्यायाचा असतो. त्याहून वाईट म्हणजे त्या संशयापोटी केलेले उपाय, म्हणजे रात्रीचे जेवणच बंद करणे किंवा आपल्या मनाने गोळी वाढवणे, कधीकधी जिवावर बेतू शकतात.

सकाळचा आकडा हा आठ-दहा तासांच्या घडामोडींचा शेवट असतो. तेच १६८ चार वेगळ्या रस्त्यांनी येऊ शकते, आणि प्रत्येक रस्त्यावरचा उपाय वेगळा आहे. दोन रस्त्यांवर तर उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून सकाळचा आकडा सुधारायचा तर आधी रात्र समजून घ्यावी लागते.

आपण झोपलेले असतो तेव्हाही मेंदू ग्लुकोज मागत असतो, आणि ते पुरवण्याचे काम यकृताकडे असते. जेवणानंतर साठवलेल्या ग्लायकोजेनमधून आणि काही प्रमाणात प्रथिने व इतर पदार्थांपासून नवे ग्लुकोज बनवून यकृत ते रक्तात सोडत राहते. हा वेग रात्रीच्या उपाशी अवस्थेत शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण २ मिलिग्रॅम असतो. साठ किलोच्या माणसात तो तासाला सुमारे ७ ग्रॅम होतो, म्हणजे आठ तासांच्या झोपेत पन्नास-साठ ग्रॅम. दहा-बारा चमचे साखर, तीही तोंडातून एक कण न जाता! निरोगी माणसात इन्सुलिन या पुरवठ्याला लगाम घालते. जेवढी गरज तेवढेच ग्लुकोज बाहेर पडते. मधुमेहात एक तर इन्सुलिन कमी असते किंवा यकृत त्याचे ऐकत नाही, आणि पुरवठा गरजेपेक्षा जास्त होतो. रात्री न खाताही साखर वाढते ती अशी.

त्यातच पहाट येते, आणि हा पहिला रस्ता. झोपेत वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, लाटांसारखे स्रवते. पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसोल चढू लागते. दोन्ही इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात आणि यकृताला ग्लुकोज सोडायला लावतात. मधुमेह नसलेल्या माणसाचे स्वादुपिंड त्या वेळी थोडे जास्त इन्सुलिन सोडून हिशेब बरोबर ठेवते, म्हणून त्याला काही कळतही नाही. मधुमेहींमध्ये मात्र साधारण तीन ते आठच्या दरम्यान साखर चढते. या चढाला 'डॉन फिनॉमेनन' हे नाव १९८१ मध्ये मिळाले. १९८४ मध्ये बोली आणि गेरिक यांनी दाखवले की टाइप १ आणि टाइप २ अशा दोन्ही प्रकारांत तो सर्रास आढळतो. आज साधारण निम्म्या रुग्णांत तो दिसतो असे मानले जाते. फ्रान्समधल्या लुई मोनिए यांच्या गटाने २०१३ मध्ये टाइप २ च्या रुग्णांत त्याचे वजन मोजले, तेव्हा एकट्या पहाटेच्या या चढामुळे एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, सुमारे ०.४ ने वाढलेले आढळले आणि नेहमीच्या तोंडी गोळ्यांनी तो पुरता आटोक्यात येत नव्हता. ०.४ ऐकायला लहान वाटते, पण तेवढी घट मिळवण्यासाठी कितीतरी जणांना नवी गोळी सुरू करावी लागते.

दुसऱ्या रस्त्याला एक जुने आणि मोठे नाव चिकटलेले आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत सेंट लुईसला काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात मांडले की रात्री इन्सुलिन जास्त झाले की साखर खाली जाते, शरीर घाबरून ॲड्रेनालिन, ग्लुकागॉन, कॉर्टिसोल सोडते आणि त्या उसळीत सकाळची साखर वाढलेली दिसते. अशा वेळी सकाळची साखर जास्त म्हणून इन्सुलिन वाढवले तर रात्रीची घसरण आणखी खोल होईल, तेव्हा डोस कमी करा, असा त्यांचा सल्ला. पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकीय विद्यार्थी हे शिकत आले आणि आजही अनेक दवाखान्यांत सकाळच्या जास्त साखरेचे पहिले स्पष्टीकरण हेच दिले जाते.

पण रात्रभर साखर मोजणारे सेन्सर आले तेव्हा चित्र वेगळे दिसले. ज्या रात्री साखर खाली जाते त्या रात्रीनंतरची सकाळ बहुधा कमी साखरेची असते, जास्त नव्हे. सोमोजी यांनी सांगितलेली उसळी क्वचितच सापडते. माझ्या मते त्यांचा इशारा घ्यावा, स्पष्टीकरण सोडून द्यावे. रात्री साखर पडत नाही ना, हे पाहिल्याखेरीज डोस वाढवू नये, हा इशारा आजही शंभर टक्के खरा आहे. मात्र सकाळी २२० दिसले म्हणजे रात्री नक्की पडली असणार असे समजून इन्सुलिन घटवणे चूक आहे. एक उसळी मात्र खरी असते. रात्री दोनला घाम फुटून जाग येते, हात थरथरतात, भीतीने माणूस साखर, केळे, बिस्किटे, पेढे असे हाताला लागेल ते खातो, आणि सकाळी आकडा अडीचशेच्या पुढे असतो. त्याचे कारण संप्रेरकांपेक्षा फडताळात जास्त असते, आणि ते समजण्यासारखेही आहे. शुगर पडलेल्या माणसाची भूक अनुभवलेल्याने त्याला दोष देऊ नये.

तिसरा रस्ता औषध संपण्याचा. १९५० पासून बाजारात असलेले एनपीएच इन्सुलिन टोचल्यावर चार ते दहा तासांच्या दरम्यान जास्तीत जास्त काम करते आणि मग ओसरते. आपल्याकडे ३०-७० चे मिश्र इन्सुलिन फार वापरले जाते. त्यातला सत्तर टक्के भाग याच जातीचा किंवा याच चालीचा असतो. रात्री आठला जेवणाआधी ते घेतले की त्याचा जोर मध्यरात्रीनंतर, नेमका जेव्हा गरज सर्वांत कमी असते तेव्हा, येतो. आणि पहाटे, जेव्हा गरज वाढते तेव्हा, ते उतरणीला लागलेले असते. म्हणजे एकाच इंजेक्शनने रात्री दोनला साखर पडू शकते आणि सकाळी सातला वाढू शकते. डोस वाढवला तर रात्र धोक्याची होते, कमी केला तर सकाळ बिघडते. हा पेच प्रमाणाने सुटत नाही, वेळेने किंवा इन्सुलिनचा प्रकार बदलून सुटतो. एनपीएच वेगळे देऊन ते झोपताना घेणे हा जुना आणि स्वस्त तोडगा आहे. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ग्लार्जिन आणि नंतर आलेले, बेचाळीस तासांहून जास्त टिकणारे डेग्लुडेक यांची चाल बरीच सपाट असल्याने रात्रीची घसरण कमी होते. किंमत मात्र जास्त आहे, आणि महिन्याचे बजेट आखणाऱ्या घरात ती गोष्ट लहान नसते.

चौथा रस्ता सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त वापरातला : रात्रीचे जेवण. मुंबई-पुण्यात कामावरून परतायलाच नऊ वाजतात, जेवण दहाला होते आणि अकराला पाठ टेकते. साडेदहाला मोजलेली १५० ची साखर ही तेव्हा अजून चढत असलेली साखर असते. तुपातली पुरणपोळी, बिर्याणी, पनीरची मलईदार भाजी यांतली चरबी पोट रिकामे व्हायला वेळ लावते, त्यामुळे साखरेचा चढ चार-पाच तासांनी येतो. लग्नसराईत सकाळचे आकडे चढतात ते नुसत्या गोडामुळे नव्हे. उशिराच्या आणि तेलकट जेवणाचाही त्यात मोठा वाटा असतो.

मग कोणता रस्ता आपला, हे ओळखायचे कसे? झोपताना, पहाटे तीनच्या सुमारास आणि उठल्याबरोबर अशी तीनदा मोजणी दोन-तीन रात्री करावी लागते. झोपतानाच साखर जास्त असेल तर प्रश्न जेवणाचा किंवा संध्याकाळच्या औषधाचा. झोपताना ठीक, तीनलाही ठीक, पण सकाळी जास्त, तर पहाटेचा चढ. झोपताना ठीक आणि मग रात्रभर सरळ चढत गेली तर यकृताला लगाम नाही किंवा इन्सुलिन पुरत नाही. आणि तीनला ७० च्या खाली असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. गजर लावून तीनला उठणे त्रासाचे आहे, पण वर्षानुवर्षे अंदाजाने डोस बदलत राहण्यापेक्षा दोन रात्रींची झोपमोड परवडते. ज्यांना शक्य आहे त्यांनी दंडावर लावायचा दोन आठवड्यांचा सेन्सर एकदा तरी वापरावा. त्यात पूर्ण रात्रीचा आलेख मिळतो. मात्र त्या दंडावरच कुशीवर झोपले तर दाब पडून सेन्सर खोटी कमी साखर दाखवतो. अशा वेळी बोटाच्या रक्ताने खात्री करून घ्यावी.

मोजमापाबद्दल आणखी एक. घरच्या ग्लुकोमीटरला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभरच्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. त्यामुळे काल १३४ आणि आज १४३ यावर घरात चर्चा करण्यासारखे काही नसते. आंबा कापलेल्या हाताने, न धुता, रक्त काढले तर मात्र आकडा खरेच फसवा येतो.

रात्री साखर पडणे हा विषय या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सकाळची जास्त साखर वर्षांच्या हिशेबाने नुकसान करते आणि रात्रीची कमी साखर एका रात्रीत. टाइप १ च्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात, दुसऱ्याची मदत लागावी इतके गंभीर प्रसंग निम्म्याहून अधिक वेळा झोपेत घडले होते. झोपेत घामाची, थरथरीची सूचना उशिरा मिळते किंवा मिळतच नाही. सकाळी उठल्यावर डोके जड असणे, उशी घामाने ओली असणे, भयाण स्वप्ने, झोपेत बडबड, उठल्यावर काही वेळ भान नसणे, या खुणा बहुतेकदा शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना जोडीदाराने किंवा मुलांनी बरोबर जावे आणि हे स्वतःहून सांगावे.

धोका कुणाला जास्त, हेही बऱ्यापैकी माहीत आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांना अर्थातच. गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त, लांब टिकणारी गोळी वृद्धांसाठी टाळावी असा सल्ला आहे; ती अजूनही अनेकांच्या डब्यात असते. ग्लिमेपिराइड तिच्याहून सुरक्षित मानली जाते, तरी जेवण टाळून घेतली तर तीही साखर पाडते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. दारू यकृताचे नवे ग्लुकोज बनवणे थांबवते आणि तिचा परिणाम दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळतो. रिकाम्या पोटी घेतलेली दारू आणि रात्रीचे इन्सुलिन ही जोडी घातक आहे. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम झाला तर स्नायू रात्रभर ग्लुकोज ओढून घेत राहतात. एकादशीला, चतुर्थीला, नवरात्रात दिवसभर न खाता गोळी-इन्सुलिन नेहमीइतकेच घेणारे आणि रात्री उपवास सोडताना साबुदाण्याच्या खिचडीने साखर उडवणारे एकाच चोवीस तासांत दोन्ही टोके गाठतात. उपवास सोडा असे सांगण्यात अर्थ नाही. उपवासाच्या दिवसाचा डोस आधी विचारून घ्या, हे सांगण्यात आहे. रमजानच्या रोज्यांसाठी असे सविस्तर मार्गदर्शन जागतिक पातळीवर तयार झाले आहे. आपल्या उपवासांसाठीही प्रत्येक डॉक्टरने ते रुग्णाला लिहून द्यायला हवे.

आणि एक खूण जी आनंदाची समजली जाते : वर्षानुवर्षे दोनशेच्या आसपास असलेली सकाळची साखर काही न करता शंभरवर येते, डोस कमी करावा लागतो. "साखर सुटली" म्हणून घरात पेढे वाटले जातात. पण मूत्रपिंड निकामी होऊ लागले की इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीरात जास्त वेळ राहतात आणि साखर आपोआप खाली येते. कारण नसताना सुधारलेली साखर दिसली की लगेच क्रिएटिनीन तपासून घ्यावे.

साखर ७० च्या खाली गेली तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. चॉकलेट किंवा पेढा नको; त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. आपल्याकडच्या अनेक मिश्र गोळ्यांत वोग्लिबोज असते. ते घेणाऱ्यांना साधी साखर खाऊन पटकन उपयोग होत नाही, कारण साखरेचे विघटनच ते औषध रोखते. त्यांना ग्लुकोजच लागते. म्हणून अशा घरात उशाशी ग्लुकोजचा डबा असलाच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आता उपायांकडे. पहाटेचा चढ जेवण कमी करून फारसा उतरत नाही, कारण तो जेवणातून येतच नाही. तरीही रात्रीचे जेवण लवकर आणि आटोपशीर ठेवण्याचा फायदा आहे. निदान रात्रीची सुरुवात तरी बऱ्या आकड्याने होते. जेवणानंतरची शतपावली मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांची सवय म्हणून सोडून देऊ नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वयस्क लोकांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतर पुढचे तीन तास साखर खाली ठेवण्यात सकाळी किंवा दुपारी एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा ते जास्त उपयोगी ठरले. शंभर पावलांऐवजी पंधरा मिनिटे, एवढाच बदल.

औषधांत मेटफॉर्मिन यकृताच्या उत्पादनावरच काम करते, म्हणून सकाळच्या साखरेचा पाया तेच. ते पुरत नसेल तर रात्रीचे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन, साधारण दहा युनिटांपासून, आणि दर तीन दिवसांनी सकाळच्या आकड्याकडे पाहत दोन-दोन युनिटांनी वाढवत नेणे ही रूढ पद्धत. यात एक चूक फार होते. सकाळचा आकडा येईना म्हणून इन्सुलिन चढवतच नेतात, किलोमागे अर्ध्या युनिटाच्या पुढे. झोपताना २२० आणि सकाळी १४०, असा पन्नासहून जास्त फरक रोज पडत असेल तर ते इन्सुलिन रात्रीच्या जेवणाची साखर रात्रभर ओढत बसले आहे असे समजावे. ज्या दिवशी जेवण कमी होईल त्या रात्री तेच खड्ड्यात घालेल. तिथे डोस वाढवण्याऐवजी जेवणाचा प्रश्न सोडवायला हवा. टाइप १ च्या रुग्णांसाठी सेन्सरला जोडलेला आणि स्वतःहून इन्सुलिन कमी-जास्त करणारा पंप अमेरिकेत २०१६ पासून मान्य आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले काम रात्रीच दिसते. आपल्याकडे तो फार थोड्यांच्या आवाक्यात आहे. लहान मुलांचे आईवडील वर्षानुवर्षे रात्री उठून मुलाच्या बोटाला सुई टोचतात. त्यांच्यासाठी तरी सरकारी योजनांनी सेन्सरचा खर्च उचलावा असे मला मनापासून वाटते.

झोपेकडे दुर्लक्ष होते. १९९९ मध्ये स्पीगेल आणि व्हान कॉटर यांनी निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेवढ्याने त्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली. मोठ्याने घोरणारा आणि दिवसा पेंगणारा मधुमेही असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची, तपासणी ही त्याच्या सकाळच्या साखरेचीही तपासणी आहे. रात्रपाळी करणारे सुरक्षारक्षक, परिचारिका, कारखान्यातले कामगार यांचे तर फास्टिंग कोणते म्हणायचे, हेच ठरलेले नसते. त्यांनी पाळी संपल्यावर झोपून उठल्यानंतरचा आकडा वेगळा लिहून ठेवावा.

उठल्यानंतरही पहाट संपत नाही. काहींची साखर अंथरुणातून उठून नुसते वावरताना वाढते, आणि नाश्त्यानंतरचा चढ दिवसातला सर्वांत मोठा असतो. संप्रेरकांच्या त्या वेळेत आपण गोड चहा, खारी, टोस्ट आणि वर पोहे किंवा उपमा देतो. नाश्ता बंद करणे हा उपाय नाही. न खाल्ल्याने यकृताला थांबण्याचा निरोप मिळत नाही. मटकीची उसळ, मूगडाळीचे धिरडे, अंडे असे प्रथिनांचे काही आधी आणि पोहे अर्धी बशी, एवढ्यानेही दोन तासांनंतरचा आकडा बदलतो. रिकाम्या पोटी फिरायला जाणाऱ्यांनी, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर, निघण्यापूर्वी एकदा मोजावे.

सकाळच्या आकड्याला किती महत्त्व द्यायचे, हाही प्रश्न आहे. मोनिए यांच्याच २००३ च्या अभ्यासात एचबीएवनसी दहाच्या वर असताना उपाशीपोटीच्या साखरेचा वाटा सुमारे सत्तर टक्के होता. ते सव्वासातच्या आसपास आले की उलट जेवणानंतरच्या साखरेचा वाटा सत्तर टक्के झाला. म्हणजे सुरुवातीला सकाळ सुधारावी, नंतर लक्ष जेवणांकडे वळवावे. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड सकाळी घेणाऱ्याची फास्टिंग उत्तम आणि संध्याकाळची साखर तीनशे असू शकते. आपल्या देशात मधुमेहाचा प्रश्न मोठा आहे : आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधल्या अहवालानुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रमाणात गोवा २६.४ टक्क्यांसह सर्वांत पुढे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की आपण बारीक दिसत असलो तरी शरीरात चरबीचा वाटा जास्त असतो. त्यामुळे "मी तर सडपातळ" म्हणून सकाळच्या ११५ कडे काणाडोळा करण्याची सोय आपल्याला नाही.

उद्दिष्ट सगळ्यांचे एक नसते. बहुतेक प्रौढांसाठी सकाळी ८० ते १३० योग्य. पण पंच्याहत्तरीच्या, हृदयविकार आणि इतर दुखणी असलेल्या माणसासाठी ९० ते १५० पुरेसे मानले जाते, आणि फार थकलेल्यांसाठी १०० ते १८० सुद्धा. एकट्या राहणाऱ्या आजींची सकाळची साखर ९५ वर आणण्याचा हट्ट धरू नका. त्यांना रात्री पडलेली साखर सांगायला कुणी नसते. आणि वय कोणतेही असो, एका सकाळच्या आकड्यावरून रात्रीचे इन्सुलिन किंवा गोळी आपल्या मनाने बदलू नका. तीन रात्रींचे नऊ आकडे, जेवणाच्या आणि औषधाच्या वेळांसह, एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा.